'त्यांच्यात बाईला आत्माच नसतो' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

शब-ए-बरात (मुसलमानांची माफी मागण्याची रात्र) जवळ आली की आमच्या तळोज्यापासून ठाण्याच्या घोडबंदर रोडपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर मुसलमानांबद्दल एक मेसेज फिरायला लागतो. त्यात चार दावे आहेत आणि चारही 'कुराणात लिहिलंय' या शिक्क्यासकट : बाईला आत्मा नसतो, जन्नतीत (स्वर्गात) 72 हूर (सुंदर स्त्रिया), मेलेला माणूस कयामतीपर्यंत (शेवटच्या निवाड्याच्या दिवसापर्यंत) कबरीत नुसता झोपलेला असतो, आणि कलमा (श्रद्धेची कबुली) पढला की पाप कितीही असो, थेट जन्नत. मी इथलाच कोकणी मुसलमान, म्हणून लिहितो.

पहिला दावा दोन ओळींत संपतो. कुराणाची सूरा (अध्याय) 4, आयत (वचन) 124 : पुरुष असो की स्त्री, ईमान (श्रद्धा) ठेवून चांगली कामं करणारा जन्नतीत जाईल. सूरा 33 मधली 35वी आयत तर दहा वेळा पुरुष-स्त्री अशा जोड्या लावत जाते. आत्माच नसता तर बाईच्या जनाज्याची नमाज कशाला पढली असती?

72चंही तसंच. कुराणात हूर आहेत, आकडा नाही. आकडा तिरमिजीच्या हदीस-संग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची नोंद) शहीदाच्या संदर्भात येतो. हदीस वेगळी, कुराण वेगळं. एवढा फरक मेसेज लिहिणाऱ्याने पाळायला हवा होता.

कबरीतल्या झोपेला मात्र थोडा आधार आहे, तो आधी मान्य करतो. सूरा 36, आयत 52 मध्ये कयामतीला उठलेले लोक म्हणतात, आम्हाला आमच्या झोपण्याच्या जागेवरून कोणी उठवलं? पण सूरा 40, आयत 46 मध्ये फिरऔनच्या (इजिप्तच्या राजाच्या) लोकांना सकाळ-संध्याकाळ आगीसमोर आणलं जातं आणि कयामतीची शिक्षा त्यानंतर वेगळी सांगितली आहे. म्हणजे मधल्या काळातही काहीतरी घडत असतं. या मधल्या मुक्कामाला बरजख म्हणतात. मुनकर आणि नकीर हे दोन फरिश्ते कबरीत येऊन विचारतात, तुझा रब (ईश्वर) कोण, दीन (धर्म) कोणता, नबी (पैगंबर) कोण? त्यांची नावं हदीसमधली, कुराणात नाहीत.

आम्ही कोकणी शाफई, म्हणजे सुन्नींमधल्या एका मजहबचे (विचारपरंपरेचे). आमच्यात मय्यत उत्तर-दक्षिण कबरीत उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला किबल्याकडे (मक्केतल्या काब्याकडे) करून ठेवतात. माती दिल्यावर एक जण उशाशी बसून तलकीन पढतो : विचारलं तर सांग, अल्लाह माझा रब, इस्लाम माझा दीन, मुहम्मद माझे नबी. काही जमाती याला बिदअत (धर्मात मागाहून घुसवलेली गोष्ट) म्हणतात, वाद जुना आहे. पण नुसत्या झोपलेल्या माणसाला कोणी उत्तरं पढवत बसतं का? दर्ग्यातल्या वलींकडे (संतांकडे) मागावं की नाही यावरही आमच्यात कडाक्याची भांडणं होतात. कयामतीचा निवाडा मात्र वली करतात, असं त्यांतला एकही गट म्हणत नाही.

आता 'कलमा पढला की थेट जन्नत'. सुन्नी उलेमांचं (धर्मपंडितांचं) मत असं की ईमानवाला दोजखात (नरकात) कायमचा राहत नाही. मेसेजवाल्याने यातला 'कायमचा' गाळला. सूरा 99 मध्ये कणभर भलाई आणि कणभर बुराई, दोन्ही समोर येतील असं आहे. सहीह मुस्लिममधली एक हदीस तर आमच्याकडे जुम्याच्या बयानात (शुक्रवारच्या प्रवचनात) हमखास येते. एक माणूस नमाज, रोजे, जकात (बंधनकारक दान) सगळं घेऊन पोचतो, पण त्याने कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला, कुणाला मारलेलं. मग त्याची पुण्यं त्या-त्या माणसाला वाटली जातात. ती संपली की त्यांची पापं याच्या माथी. खरा दिवाळखोर हा, असं पैगंबर म्हणतात. शहीदाचंही सगळं माफ होतं, कर्ज सोडून.

म्हणूनच जनाज्याच्या नमाजेआधी मुलगा किंवा भाऊ सफांकडे (नमाजाच्या रांगांकडे) तोंड करून सांगतो, मय्यतकडे कुणाचं देणं बाकी असेल तर मला भेटा, नाहीतर माफ करा. मग किराणावाला येतो, भिशीवाला येतो. इथे उधारी नुसत्या कलम्यावर कुणी सोडून देत नाही.

राहिला मेसेजच्या शेवटचा टोमणा, की रूह (आत्मा) 40 दिवस घरात घुटमळते. हे आमच्यातलेही बरेच सांगतात, चाळिसाव्याला जेवणं घालतात. कुराणात तसं काही नाही. ज्याला तरीही 'कुराणात लिहिलंय' म्हणायचं असेल त्याने सूरा आणि आयतीचा नंबर टाकावा, ग्रुपवरच बोलू.