शेकोटी वाळूने विझत नाही

थंडीत कोकण किनाऱ्यावर गर्दी झाली की आपल्याकडे वाद सुरू होतो. पुळणीवरच्या शेकोट्यांवर सरसकट बंदी घाला, असं काही जण म्हणतात. दोन तास लाकडं जाळली तर काय बिघडलं, असं बाकीचे विचारतात. सॅन फ्रान्सिस्कोत बसून हे वाचताना वाटतं, शेकोटी कुठे लावायची आणि कशी विझवायची यावर कुणीच का बोलत नाही?

इथल्या ओशन बीचवर खिळे, काचा आणि कोळशाचा कचरा वाढला तेव्हा बंदीचा विचार झालाच होता. शेवटी जागा ठरवून दिल्या. मार्च ते ऑक्टोबर, रात्री साडेनऊपर्यंत आणि फक्त शेकोटीसाठी तिथे बसवलेल्या गोल कड्यांच्या आत. रंगवलेलं किंवा खिळे असलेलं लाकूड चालत नाही, कारण लाकूड जळून जातं, खिळा मात्र वाळूत उरतो आणि कुणाच्या तरी तळपायात घुसतो. आणि आग विझवायची ती पाण्याने.

हा शेवटचा नियम आपण सगळ्यात आधी उचलावा. वाळू ओढली की ज्वाळा दिसेनाशा होतात, पण खालचे निखारे तासन्‌तास तापलेले राहतात. सकाळी वरून काहीच कळत नाही आणि अनवाणी धावणारं पोर नेमकं तिथेच पाय देतं.

निघण्याच्या पाऊण तास आधी लाकूड घालणं थांबवा. दोन बादल्या पाणी जवळ हवं, समुद्राचं चालेल. एकदम ओतलंत तर वाफ आणि गरम राख अंगावर उडते. म्हणून वारा पाठीशी घेऊन हळूहळू ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. चरचर थांबली की हाताची मागची बाजू राखेजवळ धरा. ऊब लागली तर आणखी पाणी. थंड झालेले कोळसे पत्र्याच्या डब्यात भरून घेऊन जा. भरती ते धुऊन नेत नाही, किनाऱ्यावरच पसरवते.

जागा भरतीरेषेच्या खालची, ओल्या वाळूची. सुरूच्या वाळलेल्या सुया लगेच पेट घेतात आणि वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल धगीने करपते, तेव्हा दोन्हींपासून लांब. घेर दोन फुटांचा पुरे. ठिणग्या आडव्या उडू लागल्या तर तेव्हाच विझवा. भोवती ओले दगड रचू नका, आतलं पाणी तापून ते फुटतात. समुद्रातून वाहून आलेलं लाकूडही नको: त्यात मीठ मुरलेलं असतं आणि त्याचा धूर विषारी.

एका बाबतीत मात्र मी बंदीवाल्यांच्या बाजूने आहे. ऑलिव्ह रिडले कासवं आपल्याकडे थंडीतच अंडी घालायला येतात, आणि पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने जातात. शेकोटी दिसली तर समुद्राऐवजी तिकडे. त्यामुळे ओशन बीचचे महिने जसेच्या तसे उचलून चालणार नाही, आणि कासवांच्या पुळणींवर तर नोव्हेंबरपासून शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत एकही शेकोटी नको, अगदी छोटीसुद्धा.