फॅमिली डॉक्टरपासून कायमची सुटका कशी मिळवाल?

फॅमिली डॉक्टर ही भानगड आता शोभत नाही बरं का आपल्याला. एक खोली, एक टेबल, त्यावर बीपीचं मशीन, आणि तोच एक माणूस आजीचा खोकलाही बघणार, नातवाचा तापही बघणार आणि वर सुनेला विचारणार की झोप लागते का. एसी नाही, टोकन नाही, कॉफी मशीन नाही. तेव्हा मी सांगते तसं करा, थोड्याच दिवसांत तुमच्या भागातला उरलासुरला दवाखाना बंद झालाच म्हणून समजा.

पहिली गोष्ट, प्रत्येक अवयवाला स्वतंत्र डॉक्टर ठेवा. ही सगळ्यात महत्त्वाची म्हणून जरा नीट सांगते, कारण आमच्या घरी नुकताच याचा प्रयोग झालाय. आईचे गुडघे दुखत होते. दादा बंगलोरहून सुट्टीवर आलेला, आल्या आल्या म्हणाला की कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे काय नेतेस, बेस्टकडे जायचं. गेले बेस्टकडे. हाडांच्या डॉक्टरने एटोरिकॉक्सिब ही दुखण्यावरची गोळी दिली, रोज एक. आता ती रोज घेतली की काहींचं बीपी चढतं, आईचं चढलं. बीपी म्हणजे हार्ट, म्हणून हार्टच्या बेस्टकडे, त्याने बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन वाढवली. त्या गोळीने काहींचे पाय सुजतात, आईचे सुजले. मग सुजेसाठी तिसऱ्याने लघवीची गोळी दिली. आणि बीपी आहे म्हणून आईने स्वतःच्या डोक्याने जेवणातलं मीठही सोडलेलं! मग चक्कर यायला लागली, बोलताना शब्द विसरायला लागली, कुकर लावलाय हे विसरली. चक्कर म्हणजे मेंदू, म्हणून चौथा बेस्ट आणि एमआरआय. रिपोर्ट काय आला, तर मेंदू वयानुसार थोडा आकसलाय. पंच्याहत्तरीच्या बाईचा मेंदू वयानुसार आकसलाय, हे कळायला हजारो रुपये मोजले. यात एकानेही, एकानेही विचारलं नाही की आजी, बाकी गोळ्या कुठल्या चालू आहेत. प्रत्येकाच्या फाइलला मात्र छान प्लास्टिकचं कव्हर होतं.

शेवटी मी तिला आमच्या डॉक्टरकाकांकडे नेलं. ते म्हणाले, "वहिनी, पिशवीतलं सगळं इथे टेबलावर ओता." ओतलं. पट्ट्या एकेक करून लावल्या, पत्ते मांडावेत तशा, तारखांप्रमाणे. मग विचारलं, "गुडघे कधीपासून? कामवाली सुटली का?" सुटली होती! आई दोन महिने उकिडवी बसून फरशी पुसत होती आणि हे मला माहीत नव्हतं, दादाला नव्हतं, चार बेस्टना नव्हतं. दुसरा प्रश्न, "भाऊ गेल्यापासून जेवायला कोण असतं बरोबर?" भाऊ म्हणजे आमचे बाबा. कोणी नसतं. चहा-बिस्किटावर दिवस काढायची. मग साधी रक्ताची तपासणी, सोडियम १२१. असायला हवं १३५ ते १४५. लघवीच्या गोळीने रक्तातलं सोडियम उतरलेलं, म्हणून ती चक्कर आणि तो विसराळूपणा. त्यांनी स्वतः काही हुशारी दाखवली नाही, तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली, आजच अ‍ॅडमिट करा, सोडियम हळूहळूच वाढवायचंय असं तिथल्या डॉक्टरला फोनवर सांगितलं, आणि गुडघ्याची अन् लघवीची गोळी बंद. चार दिवसांत आई मला ओरडायला लागली, म्हणजे बरी झाली.

असो. तुम्ही यातून घाबरून जाऊ नका, सूचना पाळत राहा.

सर्दी झाली की अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकच मागा. नाही दिली तर "याला काही येत नाही" असं पायऱ्या उतरतानाच मोठ्याने म्हणा.

सुई टोचली नाही तर फी देऊ नका.

फुल बॉडी चेकअपचं पॅकेज मात्र ऑफरमध्ये असतं तेव्हा घ्याच, आणि त्यात जे काही लाल रंगात छापून येईल ते रात्री साडेदहाला त्याच फॅमिली डॉक्टरला व्हॉट्सअ‍ॅप करा, फुकट बघून द्यायला. निळी टिक आली आणि उत्तर नाही आलं की माणुसकी राहिली नाही म्हणायचं.

मेडिक्लेम बहुतेकांचा चोवीस तास अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देतो, तेव्हा आजार त्या पातळीला जाईपर्यंत थांबा. आधीच तीनशे रुपये देऊन दाखवणं म्हणजे नुकसान.

आणि हो, दादाचा मुलगा इंग्लंडला आहे, तिकडे जीपीच्या, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरच्या, चिठ्ठीशिवाय सहसा स्पेशालिस्ट भेटतच नाही. त्याचं कौतुक दादा जेवताना करतो. काय सिस्टिम आहे म्हणतो. इकडे तोच दादा डॉक्टरकाकांना "नुसता एमबीबीएस" म्हणतो.

नुसता एमबीबीएस! अरे, त्याच माणसाने तुझी कावीळ काढलीय, बाबांच्या शेवटच्या आठवड्यात रोज रात्री घरी येऊन कॅथेटर बघून गेलाय, आणि पाकीट पुढे केलं तर मागे सरकवलंय. आणि तुम्ही पण, हो, तुम्हीच, परवा दवाखान्यात माझ्या शेजारी बसून कंपाउंडरशी भांडत होतात ना, की "औषध दिलंच नाही, फक्त बोलले, कसले तीनशे?" वीस मिनिटं आत होतात. बाहेर आम्ही बसलेलो, सगळं ऐकू येत होतं, तुमची अ‍ॅसिडिटी, तुमच्या मुलाची नोकरी, तुमचं रात्री दोनपर्यंत जागणं. दुसरीकडे एवढी मिनिटं मिळाली असती का? एंडोस्कोपीची तारीख मिळाली असती. पॉपकॉर्नला चारशे देता मॉलमध्ये, तिथे हुज्जत नाही घालत. लाज वाटत नाही?

काकांचा मुलगा रेडिओलॉजी करतोय, दवाखान्यात बसणार नाही म्हणालाय, आणि कशाला बसेल? पुढच्या वर्षी शटर खाली. त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा फोटो टाकून "असे डॉक्टर आता होणे नाही" वगैरे लिहू नका. तुमचे ते तीनशे अजून वहीत लिहिलेले आहेत, कंपाउंडरने मला दाखवलं. आधी ते देऊन या.