पत्र्याचं छत पास करून घेण्याची सोपी पद्धत

सर्वप्रथम जुनी मंगळुरी कौलं उतरवा. गळतात, माकडं फोडतात, आणि कौलं चाळणारा माणूस आता खानापूर भागातही शोधावा लागतो (बेळगावकडचं खानापूर). त्याच भिंतींवर लोखंडी कैच्या, म्हणजे छत पेलणारे नळ्यांचे त्रिकोणी सांगाडे, चढवा, वर निळा पत्रा मारा.

मग परवान्यासाठीचा नकाशा. त्यात कैची दाखवायचं काही कारण नाही. सेक्शनमध्ये, म्हणजे घराच्या उभ्या छेदात, दोन तिरप्या रेघा आणि एक बाण पुरे. फाईल परत येईल, पण कैचीमुळे नाही. मिळकतीच्या खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव कन्नडमध्ये एका वेलांटीने जुळत नाही म्हणून येईल. मागची मोकळी जागा टेप लावून बोटभर अंतरापर्यंत मोजली जाईल. छत कशाच्या जोरावर राहणार, हे विचारण्याचा उद्धटपणा कुणी करणार नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते. ती झेरॉक्सबरोबर मिळते.

कुणी राष्ट्रीय इमारत संहिता 2016 पुढे केलीच, तर शांतपणे सांगा की ती नमुना आहे. राज्याच्या किंवा स्थानिक संस्थेच्या नियमांत आली तरच बांधते. हे खरं असल्यामुळे वाद तिथेच मिटतो.

कैचीचं डिझाइन वेल्डरवर सोपवा. तो एकच प्रश्न विचारेल, "दोन एमएम घालू की अडीच?" तुम्ही दोन म्हणा. नळीच्या कैच्यांसाठीचं भारतीय मानक, आयएस 806, उघड्यावरच्या नळीची जाडी निदान 4 मिमी आणि आतल्या नळीची 3.2 मिमी मागतं, पण गंज काय पुस्तक वाचून लागतो?

पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो ती आडवी पट्टी, कैचीच्या जोडांवरच ठेवायची, असला हट्ट नको. पत्र्याच्या मापाने येईल तिथे ठेवा. वरची नळी नुसत्या दाबासाठी असते, तिला थोडं वाकायचीही सवय होईल.

वेल्डिंगचे टाके मारून सोडा. रेड ऑक्साइड फासला की सगळे जोड सारखेच दिसतात.

वाऱ्याचा तर विचारच करू नका. छत खाली कोसळेल, एवढीच भीती आपल्याला ठाऊक. वेल्डरही कैचीला लोंबकळून दाखवतो, "काय होत नाही ओ, बघा की!" त्याचं वजन सत्तर किलो, तेही खालच्या दिशेने. इमारतीवरच्या भारांचं मानक, आयएस 875, त्याचा दुसरा भाग दहा अंशांपर्यंतच्या उतारावर चौरस मीटरला सुमारे 75 किलो भार धरायला लावतो, पुढे दर अंशाला 2 किलो कमी, पण 40 च्या खाली नाही. त्यात तुमची कैची कदाचित निभावेलही. तिसरा भाग मात्र विचारतो, वारा छताला वर ओढेल तेव्हा काय? देशाच्या वाऱ्याच्या नकाशातला सगळ्यात सौम्य पट्टा सेकंदाला 33 मीटरचा. वेगाचा वर्ग गुणिले 0.6, म्हणजे साधारण 650 न्यूटन, चौरस मीटरला 66 किलो. हा नुसता मूळ दाब. उंची, भूभाग, उतार आणि कडा यांचे गुणक वेगळे. शेड एका बाजूने उघडी असेल तर आत शिरलेला वारा खालून रेटतो आणि वरचा ओढतो, दोन्ही एकदम. कौलं रिपांसकट चौरस मीटरला 65 किलोच्या आसपास भरायची, शिवाय फटींतून वारा निघून जायचा. म्हणून आजोबांचं छत कशाला न बांधताही बसून राहिलं. तुमचा पत्रा पाच किलोचा! पर्लिन आणि कैची धरून पंधरा-वीस म्हणा. बाकीचं वजन कोण देणार? ते फौंडेशन बोल्टने खालच्या काँक्रीटकडून घ्यायचं असतं. आपण विटांच्या भिंतीत आठ एमएमचे फास्टनर ठोकतो, नाहीतर कैचीचा पाय दोन सळ्यांना चिकटवतो आणि पूजा घालतो.

त्यात खालची टाय, म्हणजे कैचीची तळाची आडवी नळी. वजनाखाली ती ताणात असते, म्हणून बारीक चालते. छत वर ओढलं गेलं की तीच दाबात येते आणि बाजूला लचकते. म्हणून पोलादी बांधकामाचं आयएस 800 अशा टायचा सडपातळपणा, म्हणजे जाडीच्या मानाने लांबी किती याचा आकडा, 350 च्या पुढे जाऊ देत नाही, आणि म्हणूनच खालच्या टाय एकमेकींना आडव्या पाइपांनी बांधायच्या असतात. हे पाइप कोटेशनमधून सगळ्यात आधी कुणी काढायला लावले? तुम्हीच.

मग वळीव येतो, पत्रे शेजाऱ्याच्या अंगणात आणि विजेच्या तारांवर जातात, आणि पंचनाम्यात लिहितात, नैसर्गिक आपत्ती. यंदाही तेच लिहिलंय. आपत्ती कसली डोंबलाची? बोल्ट नव्हते! फरशीच्या रंगावर आठवडाभर डोकं खाता आणि ज्याच्याखाली पोरं झोपतात त्याचं गणित एकदाही मागत नाही. सही विकणाऱ्या इंजिनिअरांनो, तुम्हाला तर सगळं येतं, तरी करता, याची लाज वाटू द्या. आणि वेलांटी तपासणाऱ्या साहेबांनी कधीतरी बेस प्लेटचं, म्हणजे कैचीच्या पायाखालच्या बोल्ट लावायच्या पट्टीचं, एक ड्रॉइंगही मागावं.

वेल्डरला ॲडव्हान्स द्यायच्या आधी इंजिनिअरकडून हिशेबाचा तो कागद घ्या, ज्यात छताचं वजन 0.9 ने आणि वारा 1.5 ने गुणून उचल तपासलेली असते. तो कागद नसेल तर पैसे देऊ नका.