काय होतं त्यात?

कादंबरी वाचताना रडू आलं तर माझी हरकत नसते. त्याच वेळी कुणी खोलीत आलं, की पंचाईत. "काय झालं?" असं विचारतात, आणि मला आवडणाऱ्या कादंबऱ्यांत काही होतच नाही.

आता हीच बघा. एक म्हातारा. मुलगी लहान असताना तिला रोज रात्री गोष्ट सांगायचा. मुलगी गेली, गोष्टी राहिल्या. संपलं. ह्यावर जाडजूड कादंबरी! एक अख्खं प्रकरण तर तो तिच्या कपाटापुढे नुसता उभा आहे.

"उघडत का नाही?" बायकोने विचारलं.

"तेच तर आहे ना!"

"कुलूप आहे?"

"नाही गं."

"मग?"

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली सांगून ठेवलंय, की राजा मेला आणि मग राणी मेली ही गोष्ट. राजा गेल्याच्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. गोष्ट ऐकणारा "मग?" विचारतो, कथानक ऐकणारा "का?" आमच्याकडे दोन्ही विचारतात, तेही मी नाक शिंकरत असताना. (अश्रू वाहून नेणारी नळी नाकात उघडते, ही शरीररचनेतली शुद्ध चहाडी आहे. डोळे पुस्तकाआड लपवता येतात. नाकाच्या आवाजाचं काय करायचं?)

रहस्यकथा वाचणाऱ्यांचं बरं असतं. खून, संशयित, पाठलाग. दोन मिनिटांत सांगून मोकळे. माझा म्हातारा समजायचा तर तो चष्मा कसा पुसतो इथपासून सुरुवात करावी लागते. तो तसा पुसतो म्हणूनच पुढे गलबलून येतं. पण हे तोंडाने सांगायला गेलं, की समोरचा आपल्याच चष्म्याकडे काळजीने बघतो.

मुलाने मात्र मुद्द्याचं विचारलं. "बाबा, तो तिला कुठली गोष्ट सांगायचा?"

"एक अस्वल चंद्र शोधायला निघतं."

"मग?"

"पुढचं अजून पुस्तकात आलेलं नाही. तिला मध्येच झोप लागायची."

"मग त्याने नंतर का नाही पूर्ण केली?"

इतका वेळ मी नेमकं हेच त्याच्या आईला समजावत होतो. ह्याला कसं सांगणार? मी घसा खाकरला. त्याने माझी वाट न बघता अस्वलाला शिडी दिली, चंद्रावर चढवलं, तिथे रात्रपाळीची नोकरी लावून दिली आणि कुशीवर वळून झोपला.

लेखकाने ह्याच शेवटासाठी पुढे शंभरेक पानं घेतलेली दिसतात. आणि ती मला अजून वाचायची आहेत.