अजून दोन हजार टाका

दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या बजेट सांगायचं नसतं, एवढं व्यवहारज्ञान नागपूरच्या बर्डीवर खरेदी करत मोठ्या झालेल्या माणसाला असतंच. पण पोरगा सोबत असला की ते ज्ञान कामी येत नाही. मी चप्पल बाहेर काढायची की आत चालते याचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात त्यानं काउंटरवर सांगूनही टाकलं, "आठ हजारातलं ग्राफिक कार्ड पाहिजे." म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरची चित्रं भराभर काढणारं वेगळं कार्ड.

दुकानदारानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आठमध्ये येऊन जाईल ना काका. पण अजून दोन हजार टाकले, तर मग पाहायचं कामच नाही."

पुढे माझ्या लक्षात आलं की या धंद्यात बाकी सगळे आकडे बदलतात, हा एक बदलत नाही. दहा म्हटले की बाराची गोष्ट निघते. बारा-तेरात जीटीएक्स 1650 नावाचं कार्ड नवं, डबाबंद. पण तेरा कशाला, थोडं ताणलं की सहा जीबीचं आरटीएक्स 3050 येतं. आणि एवढे पैसे घालायचेच तर या म्हाताऱ्या मशीनमध्ये कशाला घालता, नवीन सिस्टिमच घ्या की! आठ हजारांवरून निघालेला माणूस समोरचा चहा निवायच्या आत साठ हजारांवर पोचतो. आणि त्रास असा, की प्रत्येक पायरीवरचा युक्तिवाद बिनचूक असतो. भांडायला जागा कुठंच नाही.

ऑफिसात विषय काढला तर तिथंही तेच. ज्यांना स्वतःच्या मोबाइलचा पासवर्ड आठवत नाही, त्यांनी मला व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, समजावून सांगितला. पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, आठ हजारांत कार्ड घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे." मग थोडा थांबून, "तसं तुमचं तुम्ही ठरवा." पुण्यात राहून आमच्या वऱ्हाडी रक्ताचंही काय होते पाहा.

आता आमच्या मशीनबद्दल. ते 2013 चं आहे. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह 3470 प्रोसेसर, एच 61 चा मदरबोर्ड, आठ जीबी रॅम आणि पाचशे जीबीची हार्ड डिस्क, जी सुरू होताना घसा खाकरते. घेतलं तेव्हा गल्लीतली पोरं पाहायला आली होती. प्रोसेसरच्या पोटातलं एचडी 2500 ग्राफिक्स टॅली, यूट्यूब आणि बायकोच्या भिशीचा हिशेब इतकं सगळं दहा वर्षं न कुरकुरता ओढत आलं. मग पोरगा इंजिनिअरिंगला गेला आणि त्याला थ्री-डी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लागलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये गाड्यांच्या शर्यतीही होतात हे मला नंतर कळलं. ग्राफिक कार्ड आपल्याकडे कोणत्याही घरात शिरतं ते अभ्यासाच्याच दारानं.

कार्ड निवडणं सोपं आहे, असं ज्यांना वाटते त्यांनी एकदा जुन्या कॅबिनेटचं झाकण उघडून पाहावं. आम्ही उघडलं. आत धुळीचा थर होताच, पण पंख्याच्या पात्यांत खसच्या काड्या अडकलेल्या होत्या. कूलरच्या ताटीतून उडालेल्या. गेले कितीतरी उन्हाळे तो पंखा त्या काड्यांसकट फिरत होता आणि आम्ही समजत होतो की मशीनला वयोमानानं आवाज येते.

खरा तमाशा एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर होता. डब्यावर मोठ्या, लाल अक्षरांत 450 वॅट. पोरानं मोबाइलचा टॉर्च मारून खालचा बारीक तक्ता वाचला. ग्राफिक कार्ड वीज खातं ती 12 व्होल्टच्या रकान्यातून, आणि त्या रकान्यात लिहिलं होतं 14 अँपिअर. बारा चौदा एकशे अडुसष्ट. मी त्या तक्त्याचा फोटो दुकानदाराला दाखवला आणि विचारलं, "थोडे बाकीच्या रकान्यांत गेले म्हणा, पण उरलेले वॅट कुठं आहेत?"

"ते छापायसाठी राहतात, काका."

मग त्यानं कागदावर हिशेब मांडून दिला, आणि हे मात्र मानावं लागेल, फार नीट मांडला. बोर्डावरचा जो लांब स्लॉट असतो तो कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट देतो. त्याहून जास्त लागलं तर एसएमपीएसमधून वेगळी वायर यावी लागते: सहा पिनची असली तर आणखी 75, आठ पिनची असली तर 150. आमच्याकडे दोन्ही नाहीत. प्रोसेसरचे 77, कार्डाचे 75, झाले 152. उरलेल्या 16 वॅटांत हार्ड डिस्क, पंखे आणि देवाची कृपा.

म्हणजे 75 वॅटच्या आतलं कार्ड पाहिजे. यादी एकदम आखूड झाली आणि मला हलकं वाटलं. ते फार टिकलं नाही.

सगळ्यात खाली जीटी 710. त्याला मॉनिटरची निळी व्हीजीए पिन थेट जोडता येते, आवाज बहुतेक नसतोच, किंमतही झेपणारी. पण आमच्या पोटातल्या ग्राफिक्सहून वेग जास्त असला, तरी शर्यतींना तो पुरत नाही. पोरगा म्हणाला, "बाबा, हे घेण्यापेक्षा झाकण लावून टाका." त्याच्या वर जीटी 1030. तीस वॅट खाते, गुणी कार्ड. पण एकाच नावाची दोन भावंडं आहेत. 2017 मध्ये आलं ते जीडीडीआर 5 मेमरीचं, आणि पुढच्या वर्षी त्याच नावानं साध्या डीडीआर 4 चं आलं. पहिल्याची मेमरी सेकंदाला 48 जीबी वाहते, दुसऱ्याची 17 सुद्धा नाही. खोक्यावर नाव तेच, आकडा तोच. फरक तेवढा खालच्या कोपऱ्यात, चाळिशी लागलेल्या माणसाला चष्मा कपाळावरून खाली घ्यावा लागेल इतक्या बारीक अक्षरांत. दुकानदारानं काढून दिलेला डबा मी उलटा केला, वाचला आणि परत दिला. तो हसला. त्या हसण्यात पहिल्यांदा थोडा आदर होता, असं मला वाटते. पोराला तसं वाटलं नाही.

मग आरएक्स 6400. जेमतेम 53 वॅट, नवं, चुणचुणीत. पण ते लांब स्लॉटात बसून माहिती ये-जा करायच्या फक्त चार लेन वापरते. नव्या बोर्डावर चारही पुरतात, कारण रस्ताच वेगवान. आमच्या बोर्डाच्या काळात तो रस्ता झाला नव्हता. इंटेलचं आर्क ए 380 विचारलं, तर ते जुन्या बोर्डात नसलेली रिसायझेबल बार नावाची सोय मागते, नाहीतर वेग सोडते. बार म्हटल्यावर बायकोनं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली होती, तो वेगळा खुलासा.

शेवटी सगळे जातात तिथं आम्हीही गेलो. सेकंडहँडकडे.

या बाजाराचा इतिहास छोटा आहे. काही वर्षं जगभरातले लोक ग्राफिक कार्डांवर इथेरियम नावाचं डिजिटल नाणं खणत होते आणि साध्या माणसाला कार्ड दिसत नव्हतं. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमनं आपली पद्धत बदलली, एका दिवसात ते खणणं संपलं, आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं पोत्यानं बाजारात आली. पण बर्डीच्या गल्ल्यांत विचाराल तर त्यांतलं एकही कार्ड कधी खाणीत गेलेलं नाही. प्रत्येक जुनी गाडी जशी एका डॉक्टरनं चालवलेली असते, तसं इथलं प्रत्येक कार्ड एका सीएच्या मुलानं फक्त रविवारी वापरलेलं असते.

बर्डीवरच्या मोदी नंबर तीन या रस्त्याच्या बाजूच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या एका दुकानात मला माझं कार्ड दिसलं. जीटीएक्स 1050 टीआय, चार जीबी. पाच हजारांच्या आत. आणि पाठीमागं चक्क निळं व्हीजीए पोर्ट! आमचा मॉनिटर व्हीजीएवालाच, त्याच्या प्लगचे दोन स्क्रूही, म्हणजे त्यातला एक, अजून शाबूत. मी पोराकडे विजयानं पाहिलं. पोरगा कार्डाकडे संशयानं पाहत होता.

"बाबा, 1050 टीआयला व्हीजीए नसते."

"ह्याला आहे ना बे. दिसून राहिलं समोर."

"म्हणूनच."

या घराण्याच्या मूळ चिपमध्ये व्हीजीएला लागणारं ॲनालॉग आउटपुटच नाही, असं त्यानं मला खालच्या आवाजात सांगितलं. दुकानदाराला म्हटलं, लावून दाखवा. त्यानं लावलं. पोरानं पेनड्राइव्हवरून जीपीयू-झेड नावाचं, कार्डाची ओळख सांगणारं सॉफ्टवेअर चालवलं. खिडकी उघडली आणि नावाच्या आधी, चौकटी कंसात, इंग्रजीत एकच शब्द आला: फेक. चिपच्या जागी पाहिजे होतं जीपी 107. तिथं जीएफ पासून सुरू होणारं, 2010 च्या आसपासचं काहीतरी होतं. जुन्या कार्डाचा बायोस, म्हणजे आतला मूळ प्रोग्राम, बदलून त्याचं नाव पालटलेलं. दुकानदार स्क्रीनकडे वाकून म्हणाला, "हे सॉफ्टवेअर कधीकधी चुकते."

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझा मॉनिटर, माझा खिसा, अशा सगळ्यांना पसंत पडलेलं आख्ख्या नागपुरात एकच कार्ड निघालं, आणि ते अस्तित्वातच नव्हतं.

खरं 1050 टीआयही मिळालं असतं. पण त्या पिढीला नव्या गेमांसाठीचे ड्रायव्हर मिळणं 2025 च्या ऑक्टोबरपासून थांबलं, आणि विंडोज 10 चा आधारही त्याच महिन्यात, 14 तारखेला गेला. विंडोज 11 आमच्या प्रोसेसरला दारातच उभं करत नाही. घरात एक म्हातारं पुरे, असं म्हणून आम्ही एक पिढी वर गेलो आणि पहिल्याच दुकानदाराकडे सेकंडहँड जीटीएक्स 1650 काढायला लावलं. 75 वॅट, वेगळी वायर न लागणारं. हे पाहून घ्यावं लागते, कारण याच नावाच्या काही मॉडेलांना सहा पिनची जोड असते. जीपीयू-झेडनं नाव बिनकंसाचं दाखवलं. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी मिळाली. साडेसात हजार.

"आठमध्ये बसलं की नाही?" मी पोराला म्हटलं.

"एसएमपीएस तीच ठेवणार का?" दुकानदार म्हणाला. "मी नाही म्हणत नाही, चालून जाते. पण मे महिन्यात सोळा वॅटांवर नका ठेवू काका."

नव्या एसएमपीएसचे 2,200. हातात घेतली तर जुनीच्या दुप्पट जड, म्हणजे वॅट खरोखर आत भरलेले असावेत. एचडीएमआयवरून व्हीजीए करायच्या कन्व्हर्टरचे 350. बेरीज झाली 10,050. वरचे पन्नास त्यानं सोडून दिले. दहा हजार. पहिल्या दिवशी, चहा यायच्या आधी त्यानं सांगितलेला आकडा. त्यानं ते बोलून दाखवलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. इकडे नव्या एसएमपीएसला आठ पिनची वायर आहे हे पाहून पोराचे डोळे चमकले. "बाबा, आता तर आरएक्स 580 सुद्धा..." मी बिल घडी करून खिशात घातलं.

बसवायला अर्धा रविवार गेला. कार्ड स्लॉटात गेलं तेव्हा त्याचं बूड हार्ड डिस्कच्या वायरीवर आलं, ती दुसऱ्या खाचेत हलवली. मग स्क्रीन काळी. कन्व्हर्टर काढा, लावा. मग आली, आणि पोरानं एवढ्या जोरात "आली!" म्हटलं की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "लाइट गेली होती का जी?"

त्यानंतर पोरानं गेम खेळण्यापेक्षा कार्डाचं तापमानच जास्त पाहिलं. बाहेर 45, खोलीत 38, कार्ड नुसतं बसून 50. शर्यत सुरू झाली की 80 च्या पुढं. एका दुपारी बायको झोपेतून घामाघूम होऊन उठली. पाहते तर कूलरचं तोंड कॅबिनेटकडे.

"माणसं भाजून राहिली आणि डब्ब्याला गारवा?"

"ओली हवा त्याला चांगली नाही, हे मी सांगितलं होतं त्याला," मी म्हणालो. कूलर फिरला.

संध्याकाळी ती भिशीच्या हिशेबाला बसली. मशीन सुरू केलं. हार्ड डिस्कनं घसा खाकरला. एक्सेल उघडायला तेवढाच वेळ, पहिल्यासारखाच. तिनं मधल्या वेळात कुकर लावला, दोन शिट्ट्या घेतल्या, आणि आली तेव्हा फाइल उघडत होती.

"दहा हजार कुठं लागले ते मला दाखवा बरं."

पोरानं शर्यत दाखवली. पावसात चकाकणारा रस्ता, त्यात गाड्यांची प्रतिबिंबं. तिनं शांतपणे पाहिलं. दुसऱ्या दिवशी भाजी घ्यायला म्हणून बर्डीवर गेली, तर दुकानातही डोकावली. मी सोबत होतो, पिशवी धरून.

"वहिनी, तुम्हाला एसएसडी लागते, म्हणजे हार्ड डिस्कहून वेगवान डिस्क," दुकानदार म्हणाला. "अडीचशे जीबीच्या आसपासची घ्या. विंडोज त्याच्यावर टाकून देतो, अर्ध्या मिनिटात उघडते. एक्सेलचं आणि ग्राफिक कार्डाचं काही देणंघेणं नाही."

"मग यांना ते कायले दिलं?"

"त्यांनी मागितलं ना जी."

तिनं किंमत विचारली, एकदा कमी करायला लावली, पैसे दिले आणि पक्कं बिल मागितलं. खोका उलटा करून पाहिला नाही की भाच्याला फोन केला नाही. मी म्हटलं, "अगं, दोन-तीन ठिकाणी विचारून तरी पाहू."

"तुम्ही विचारा," ती म्हणाली, "मी तोवर मेथी घेते."