'इनएफिशियंट' आणि 'इनइफेक्टिव्ह' एक नव्हेत

इंग्रजी शब्दांचा एक मेसेज सध्या बऱ्याच ग्रुपवर फिरतो आहे. जास्त वीज किंवा इंधन खाणाऱ्या यंत्राला 'इनएफिशियंट', 'इनइफेक्टिव्ह', 'अनइकॉनॉमिक' यांपैकी काहीही म्हटलं तरी चालतं, असं त्यात लिहिलं आहे. ते चुकीचं आहे.

पहिले दोन शब्द एकाच लॅटिन क्रियापदापासून आले आहेत, त्यामुळे गल्लत होणं स्वाभाविक आहे. पण कोणताही चांगला इंग्रजी शब्दकोश त्यांचे अर्थ वेगळे देतो. जुना तारेचा बल्ब घ्या. खोली तो व्यवस्थित उजळतो, मात्र त्याला दिलेल्या विजेपैकी बहुतेक उष्णतेत जाते. म्हणजे तो 'इनएफिशियंट'. ज्या औषधाने आजार हटतच नाही, ते 'इनइफेक्टिव्ह'. एकात काम होतं पण नासाडी होते, दुसऱ्यात कामच होत नाही. अहवालात हे शब्द अदलाबदल झाले, तर चालू यंत्र निकामी ठरेल!

'अनइकॉनॉमिक' म्हणजे न परवडणारा, तोट्यातला धंदा. उधळ्या यंत्राला किंवा पद्धतीला 'अनइकॉनॉमिकल' किंवा सरळ 'वेस्टफुल' म्हणावं.

मेसेजमधला 'गॅस गझलर', म्हणजे भरमसाट पेट्रोल पिणारी गाडी, हा शब्द मात्र बरोबर आहे. त्यातला 'गॅस' म्हणजे अमेरिकी बोलीतलं पेट्रोल, आणि अमेरिकेने १९७८च्या कायद्याने अशा गाड्यांवर याच नावाचा करही लावला.

परीक्षेची तयारी करणारी मुलं हा मेसेज पाठ करत आहेत, म्हणून कळकळीने सांगते: तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.