त्याला आधीपासूनच समंजस करा म्हणे!

आज दादरला मित्राकडे त्याच्या कादंबरीचं वाचन होतं. घरी आलो, जेवलो, तरी डोकं शांत होईना म्हणून लिहितोय.

कादंबरी महाडची. चवदार तळं नगरपालिकेने 1924 सालीच सगळ्यांना खुलं केलेलं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तिथलं पाणी प्यायली, तर सनातन्यांनी 108 घागरी उपसून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि तळं 'शुद्ध' केलं! मित्राचा नायक बारा वर्षांचा. घागरी वाहणाऱ्यांत तोही, आणि छाती फुगवून वाहतोय. त्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "मुलगा फारच वाईट दाखवलाय. आधीपासून जरा समंजस करा, म्हणजे वाचकाला आपला वाटेल."

अहो, तो आपलाच आहे!

मी दहा वर्षांचा असताना गिरगावात आमच्या चाळीत संडास धुवायला एक बाई यायच्या. त्यांचा कान तुटलेला कप जिन्याच्या खिडकीत वेगळा. आजी मला चहा घेऊन पाठवायची, मी लांबून, वरून धार धरायचो. एकदा चहा त्यांच्या मनगटावर सांडला आणि मीच खेकसलो, "कप नीट धर की!" आजीच्या वयाच्या बाईला. त्यांनी पदराने मनगट पुसलं आणि उरलेला चहा प्यायल्या.

कुणाचा द्वेष कर, असं मला घरी कुणी शिकवलं नव्हतं. दळण आणावं तसं ते एक काम होतं. त्या पोराची घागरही तशीच.

मित्राने त्याला दहा वर्षं दिलीत. 1937 मध्ये तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागतो, तेव्हा तो फोर्टात वकिलाकडे कारकून असतो. निकालाची नक्कल उतरवताना त्याचा हात थांबतो. बस्स, तेवढंच. कुणी येऊन त्याला माफ करून टाकत नाही, हे मला फार पटलं.

एका मुलीने विचारलं, ज्यांच्या आजोबांनी त्या दिवशी महाडात मार खाल्ला, त्यांनी या पोराला अक्कल येईपर्यंत तीनशे पानं का थांबायचं? बरोबर आहे तिचं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

त्या गृहस्थांवरचा राग आता उतरलाय. त्यांच्याही जिन्यात असा कप असणार. माझा हात कधी थांबला, मला आठवत नाही. आणि त्या बाईंचं नाव मी कधीच विचारलं नाही.

आत्ताच मित्राला मेसेज केला, घागरीच्या प्रकरणातली एक ओळ काढू नकोस. तो विचारतोय, चहाचा प्रसंग घेऊ का?

घे म्हटलं.